कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे : राजकीय जीवनपट

भारतातील कम्युनिस्ट चळवळीच्या पहिल्या पिढीतील नेते, मुंबईच्या गिरणी कामगारांचे पुढारी, संयुक्त महाराष्ट्र आंदोलनाचे एक प्रमुख सूत्रधार आणि दोन वेळा लोकसभेवर निवडून आलेले खासदार श्रीपाद अमृत डांगे (१० ऑक्टोबर १८९९ – २२ मे १९९१) यांचे सार्वजनिक जीवन सुमारे सत्तर वर्षांचे होते. ब्रिटिश सरकारने त्यांना दोन कटाच्या खटल्यांत शिक्षा दिल्या. स्वतंत्र भारतात ते आपल्या पक्षाचे अध्यक्ष झाले, आणि त्याच पक्षाने १९८१ मध्ये त्यांना काढून टाकले. कामगारांच्या पक्षाने राज्यसत्तेशी कसे वागावे, या प्रश्नाने त्यांना आयुष्यभर सोडले नाही. त्यांचे मोठे विजय आणि त्यांचा शेवटचा पराभव यांची मुळे याच प्रश्नात सापडतात.

टिळकांकडून लेनिनकडे

डांगे यांचा जन्म नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यातल्या करंजगाव येथे झाला. शिक्षणासाठी ते मुंबईत आले आणि विल्सन कॉलेजात दाखल झाले. तेथील बायबलच्या सक्तीच्या तासांविरुद्ध विद्यार्थ्यांची चळवळ उभारल्याबद्दल त्यांना कॉलेजला मुकावे लागले. त्या काळातील बहुतेक मराठी तरुणांप्रमाणे त्यांच्या मनावर पहिला ठसा लोकमान्य टिळकांचा होता. गिरणगावातील चाळींतून सेवाकार्य करताना कामगारांच्या जीवनाशी त्यांचा जवळून परिचय झाला.

१९२१ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षाच्या आतच, त्यांनी ‘गांधी विरुद्ध लेनिन’ ही इंग्रजी पुस्तिका लिहिली. त्यावेळी भारतात मार्क्सवादी वाङ्मय फारसे उपलब्ध नव्हते, आणि लेखकाचा मार्क्सवादही अर्थातच कच्चा होता. मात्र असहकाराच्या लाटेत सारा देश गांधीजींच्या मागे जात असताना एका तरुणाने ही तुलना छापून पुढे ठेवावी, याची दखल परदेशात असलेल्या मानवेंद्रनाथ रॉय यांनीही घेतली. मुंबईतील पिठाच्या गिरणीचे मालक रणछोडदास भवान लोटवाला यांनी डांगे यांना आर्थिक पाठबळ दिले आणि मार्क्सवादी पुस्तकांचा संग्रह खुला करून दिला. एका गिरणीमालकाच्या पैशावर गिरणी कामगारांचा पुढारी घडला, हा योगायोग डांगे यांच्या विरोधकांनी पुढे बरेच दिवस वापरला. ऑगस्ट १९२२ मध्ये डांगे यांनी ‘सोशलिस्ट’ हे इंग्रजी साप्ताहिक सुरू केले. भारतातील मार्क्सवादी पत्रकारितेचा आरंभ सामान्यतः येथूनच मानला जातो.

सरकारचे लक्ष वेधले जाण्यास एवढे पुरेसे होते. १९२४ च्या कानपूर बोल्शेविक कट खटल्यात डांगे, मुझफ्फर अहमद, शौकत उस्मानी आणि नलिनी गुप्ता यांना प्रत्येकी चार वर्षांची शिक्षा झाली. डिसेंबर १९२५ मध्ये कानपूर येथेच सिंगारवेलू यांच्या अध्यक्षतेखाली कम्युनिस्टांची परिषद भरली, तेव्हा डांगे तुरुंगात होते. भारतीय कम्युनिस्ट पक्ष आपली स्थापना याच परिषदेपासून मोजतो. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष मात्र ती १९२० च्या ताश्कंद येथील बैठकीपासून धरतो. क्यूबातील पहिला कम्युनिस्ट पक्षही १९२५ च्याच ऑगस्टमध्ये हवाना येथे स्थापन झाला. त्या बेटावरील पुढील इतिहास सर्वस्वी वेगळ्या मार्गाने गेला, तरी त्याचा एक धागा डांगे यांच्या कथेशी जुळतो. त्याचा उल्लेख पुढे येईलच.

१९२८ : लाल बावट्याचा उदय

१९२७ मध्ये सुटका झालेल्या डांगे यांना ज्या मुंबईत परतावे लागले, ती अस्वस्थ होती. जपानी मालाच्या स्पर्धेने अडचणीत आलेल्या गिरणीमालकांनी खर्चकपातीची नवी योजना आणली होती. विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत, सूतकताईतील कामगाराने जास्त साचे पाहावेत, आणि त्यातून मोकळे होणारे हात घरी बसावेत, असे तिचे स्वरूप होते. साळखात्यातील मजुरीलाही कात्री लागत होती. एप्रिल १९२८ मध्ये संप सुरू झाला आणि सुमारे दीड लाख कामगार ऑक्टोबरपर्यंत गिरणीबाहेर राहिले.

या संपाच्या मध्यावर, मे १९२८ मध्ये, गिरणी कामगार युनियनची स्थापना झाली. अर्जुन आत्माराम आळवे तिचे अध्यक्ष आणि डांगे सरचिटणीस होते. ना. म. जोशी यांच्यासारखे नेमस्त कामगार पुढारीही संयुक्त संप समितीत होते. मात्र कामगारांच्या मनाची पकड घेतली ती लाल बावट्याने. त्याचे कारण केवळ जहाल भाषा हे नव्हते. गिरणीत भरती करणारा, बदली देणारा आणि वेळप्रसंगी सावकारीही करणारा जॉबर हाच आजवर कामगार आणि मालक यांच्यामधला दुवा होता. युनियनने त्याला वळसा घातला. गिरणीगणिक कामगारांच्या निवडून आलेल्या समित्या उभ्या राहिल्या आणि वर्षअखेरीस सभासदसंख्या पन्नास हजारांच्या पुढे गेली. कोकण आणि देशावरून आलेल्या, गावाशी नाळ न तुटलेल्या माणसाला डांगे यांचे बोलणे कळत असे. पुराणकथा, तमाशातील सवाल-जवाब आणि कापडाच्या भावाचे आकडे त्यांच्या भाषणात शेजारी शेजारी नांदत.

त्या संपाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. तुटलेला धागा धोट्यातून तोंडाने ओढून घ्यावा लागे, या सबबीवर अस्पृश्य कामगारांना अधिक मजुरीच्या साळखात्यात प्रवेश नव्हता. हा निर्बंध मालकांइतकाच सवर्ण सहकाऱ्यांनीही पाळला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा प्रश्न संप समितीपुढे आग्रहाने मांडला. समितीने तो उशिराने आणि नाइलाजाने स्वीकारला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. दहा वर्षांनंतर, नोव्हेंबर १९३८ मध्ये, मुंबई सरकारच्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला, तेव्हा आंबेडकर आणि डांगे एकाच व्यासपीठावर आले. ही एकजूट टिकली असती तर महाराष्ट्राच्या राजकारणाला कोणते वळण मिळाले असते, हा प्रश्न अभ्यासकांना अजूनही खुणावतो. ती टिकली नाही. जातीचा प्रश्न वर्गाच्या प्रश्नात आपोआप विरघळेल, ही कम्युनिस्टांची समजूत त्याला बऱ्याच अंशी कारणीभूत होती.

मीरत आणि युद्धकाळ

२० मार्च १९२९ रोजी देशभर धाडी पडल्या आणि मीरत कट खटला उभा राहिला. एकूण ३२ आरोपींत मुंबईचा वाटा मोठा होता. डांगे यांच्यासह शां. सा. मिरजकर, डॉ. गंगाधर अधिकारी, के. एन. जोगळेकर, आर. एस. निंबकर, स. वि. घाटे, आळवे आणि गोविंद कासले हे त्यांत होते. मुंबईची कामगार संघटना एका झटक्यात नेतृत्वहीन झाली, आणि सरकारचा हेतूही तोच असावा. जवाहरलाल नेहरू यांनी बचाव समितीत पुढाकार घेतला. आरोपींनी न्यायालयाचे रूपांतर प्रचारपीठात केले. डांगे यांचे निवेदन तर स्वतंत्र ग्रंथ व्हावा एवढे लांबले. जानेवारी १९३३ मध्ये त्यांना बारा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. अलाहाबाद उच्च न्यायालयाने ती तीन वर्षांवर आणली आणि १९३५ मध्ये ते सुटले.

या खटल्यातील एक ब्रिटिश आरोपी फिलिप स्प्रॅट यांची हकीकत दक्षिणेतील वाचकांना विशेष वाटेल. केंब्रिजहून थेट भारतात चळवळ बांधण्यासाठी आलेले स्प्रॅट पुढे कम्युनिझमचे कडवे टीकाकार बनले. सिंगारवेलू यांच्या नात्यातील मुलीशी विवाह करून ते बंगळूरला स्थायिक झाले आणि तेथील ‘मिसइंडिया’ या साप्ताहिकाचे संपादन करीत राहिले. डांगे आणि स्प्रॅट यांना मीरतच्या न्यायालयाने सारखीच शिक्षा सुनावली होती. त्यानंतरचे त्यांचे रस्ते मात्र पूर्ण उलट दिशांना गेले.

दुसरे महायुद्ध सुरू होताच, २ ऑक्टोबर १९३९ रोजी, मुंबईच्या कामगारांनी युद्धाविरुद्ध एक दिवसाचा संप केला. मार्च १९४० मध्ये महागाई भत्त्यासाठी मोठा संप झाला. डांगे यांना पकडून राजस्थानातील देवळी येथील छावणीत ठेवण्यात आले. ते अटकेत असतानाच हिटलरने सोव्हिएत संघावर आक्रमण केले आणि पक्षाने भूमिका बदलून या युद्धाला ‘लोकयुद्ध’ म्हटले. १९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनापासून कम्युनिस्ट दूर राहिले. सरकारने पक्षावरील बंदी उठविली, १९४३ मध्ये डांगे सुटले आणि त्याच वर्षी आयटकचे अध्यक्ष झाले. संघटना वाढली, परंतु ‘बेचाळीसला तुम्ही कोठे होता?’ हा सवाल पुढची कित्येक वर्षे प्रत्येक निवडणूक सभेत विचारला गेला.

क्यूबाचा धागा येथे जुळतो. तेथील कम्युनिस्टांनी १९४० मध्ये फुल्हेन्सिओ बातिस्ता यांना पाठिंबा दिला आणि त्यांचे नेते मंत्रीही झाले. १९५३ मध्ये फिडेल कास्ट्रो यांनी मोंकाडा बराकींवर हल्ला केला, तेव्हा याच पक्षाने त्याला अविचारी साहस ठरविले. कास्ट्रो १९५९ मध्ये सत्तेवर आले. आज क्यूबावर राज्य करणारा कम्युनिस्ट पक्ष त्यानंतर, १९६५ मध्ये, त्या नावाने आकाराला आला. आधी सत्ता आणि मग पक्ष, असा तो क्रम होता. भारतात पक्ष, युनियन, वृत्तपत्र, कलापथक, सगळे होते. सत्ता मात्र काँग्रेसकडे होती. त्यामुळे काँग्रेसला शत्रू मानावे की सोबती, या वादावरच भारतीय कम्युनिस्टांची शक्ती खर्च झाली.

मॉस्कोची वारी आणि एक वादग्रस्त ग्रंथ

१९४६ मध्ये डांगे कामगार मतदारसंघातून मुंबई विधानसभेवर गेले. त्याच वर्षीच्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकाच प्रातिनिधिक युनियनला मान्यता देण्याची तरतूद केली. कामगारमंत्री गुलझारीलाल नंदा यांच्या कारकिर्दीत झालेल्या या कायद्याचा लाभ काँग्रेसप्रणीत राष्ट्रीय मिल मजदूर संघाला मिळाला. संप लाल बावट्याचा आणि वाटाघाटींचा हक्क दुसऱ्याचा, ही गिरणगावची विचित्र स्थिती तेथून सुरू झाली. १९८२ च्या संपापर्यंत ती बदलली नाही.

१९४८ मध्ये भालचंद्र त्र्यंबक रणदिवे यांच्या नेतृत्वाखाली पक्षाने सशस्त्र उठावाची हाक दिली. ती अंगाशी आली आणि पक्ष जवळपास उद्ध्वस्त झाला. फेब्रुवारी १९५१ मध्ये डांगे, अजय घोष, राजेश्वर राव आणि बसवपुन्नय्या हे चौघे गुप्तपणे मॉस्कोला जाऊन स्टालिन यांना भेटले. चीनचा मार्ग भारतात जसाच्या तसा लागू होणार नाही, हा निष्कर्ष घेऊन ते परतले. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत लोकसभेच्या १६ जागा जिंकून कम्युनिस्ट हा सर्वांत मोठा विरोधी पक्ष ठरला.

याच सुमारास, १९४९ मध्ये, प्राचीन भारतीय समाजाविषयीचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. आदिम साम्यसंघापासून गुलामगिरीपर्यंतचा प्रवास त्यांनी वेद आणि महाभारत यांच्या आधारे मांडला होता. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी त्यावर अत्यंत कठोर परीक्षण लिहिले. पुराव्याआधीच निष्कर्ष ठरला आहे, असा त्या टीकेचा रोख होता, आणि आज तो ग्रंथ वाचताना कोसंबी बरोबर होते असेच वाटते. तथापि संस्कृत परंपरेशी मार्क्सवादाचे नाते जोडण्याचा डांगे यांचा छंद सुटला नाही. पंचवीस वर्षांनंतर त्यांचे जावई बानी देशपांडे यांच्या वेदान्तविषयक पुस्तकाला प्रस्तावना लिहून त्यांनी पक्षाचा रोष ओढवून घेतला.

संयुक्त महाराष्ट्र

डांगे यांच्या लोकप्रियतेचा कळस १९५६ ते १९६० या काळात आला. फेब्रुवारी १९५६ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीत समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन एकत्र आले. एस. एम. जोशी यांचा संयम, आचार्य अत्रे यांची लेखणी आणि डांगे यांची संघटना, असे या समितीचे बळ होते. सभा अत्रे जिंकत असत, परंतु मुंबई बंद पाडण्याची ताकद गिरणगावात होती. शाहीर अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने हा प्रश्न डफ-तुणतुण्यावर गावोगाव नेला. गोळीबारात शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. १९५७ च्या निवडणुकीत समितीने मुंबई आणि पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला जबर तडाखा दिला आणि डांगे मध्य मुंबईतून प्रचंड मतांनी लोकसभेवर गेले. १ मे १९६०, म्हणजे कामगार दिनी, महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. बेळगाव-कारवारचा प्रश्न तेवढा मागे राहिला.

बेचाळीसचा डाग या चळवळीने बराच पुसला गेला. परंतु तिचे फळ कम्युनिस्टांना मिळाले नाही. राज्य मिळताच समिती विस्कटली. यशवंतराव चव्हाण यांनी समितीतील अनेकांना काँग्रेसमध्ये सामावून घेतले, आणि ‘मराठी माणूस’ ही जागी झालेली अस्मिता सहा वर्षांत शिवसेनेच्या हाती गेली.

फूट आणि ती पत्रे

अजय घोष यांच्या निधनानंतर, एप्रिल १९६२ मध्ये, पक्षाने अध्यक्षपद नव्याने निर्माण केले आणि ते डांगे यांना दिले. ऑक्टोबरमध्ये चीनशी युद्ध पेटले. डांगे यांनी निःसंदिग्धपणे भारताची बाजू घेतली. १ नोव्हेंबरच्या राष्ट्रीय परिषदेच्या ठरावात चिनी आक्रमणाचा निषेध झाला. डाव्या गटातील अनेक नेत्यांची मात्र धरपकड झाली, आणि ‘आम्ही तुरुंगात व अध्यक्ष सरकारच्या सोबत’ ही भावना त्या गटात खोल रुजली.

अशा वातावरणात मार्च १९६४ मध्ये मुंबईच्या ‘करंट’ साप्ताहिकाने राष्ट्रीय अभिलेखागारातील काही पत्रे प्रसिद्ध केली. १९२४ मध्ये तुरुंगातून डांगे यांनी लिहिली असे सांगितल्या जाणाऱ्या या पत्रांत, सुटका झाल्यास सरकारला सहकार्य करण्याची तयारी दाखविली होती. डांगे यांनी ती बनावट असल्याचे सांगितले आणि पक्षाच्या सचिवमंडळानेही तोच निर्वाळा दिला. चौकशी होईपर्यंत त्यांनी अध्यक्षस्थानी बसू नये, ही मागणी फेटाळली गेली. ११ एप्रिल १९६४ रोजी ३२ सदस्य राष्ट्रीय परिषदेतून बाहेर पडले. वर्षअखेरीस कोलकाता अधिवेशनातून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष उभा राहिला.

पत्रांच्या खरेपणाविषयी दोन्ही पक्षांचे एकमत कधीच झाले नाही. फूट मात्र केवळ पत्रांमुळे पडली, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. काँग्रेसमधील पुरोगामी गटाशी हातमिळवणी करावी की त्या पक्षाशी सरळ लढावे, हा वाद दशकभर धुमसत होता. पत्रांनी त्याला चेहरा दिला, आणि तो चेहरा डांगे यांचा होता. रणदिवे, त्यांच्या भगिनी अहिल्या रांगणेकर आणि वारली आदिवासींच्या नेत्या गोदावरी परुळेकर नव्या पक्षात गेल्या. मुंबईच्या गिरण्यांतील जुने केडर मुख्यतः डांगे यांच्याकडे राहिले. १९६७ मध्ये ते दक्षिण-मध्य मुंबईतून पुन्हा लोकसभेवर निवडून आले.

दिल्लीत मैत्री, गिरणगावात लढाई

५ जून १९७० रोजी परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांची हत्या झाली. पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई पराभूत झाल्या आणि वामनराव महाडिक शिवसेनेचे पहिले आमदार ठरले. लालबाग-परळच्या चाळींतील तरुण पिढी लाल बावट्याकडून भगव्याकडे वळत असल्याचे तेव्हा उघड झाले. या काळात डांगे यांचे लक्ष मात्र दिल्लीकडे होते. बँक राष्ट्रीयीकरण आणि संस्थानिकांच्या तनख्यांची समाप्ती यांमुळे इंदिरा गांधी यांचे सरकार पुरोगामी आहे, अशी त्यांची खात्री पटली होती. १९७४ मध्ये सोव्हिएत सरकारने त्यांना ‘ऑर्डर ऑफ लेनिन’ हा किताब दिला.

या धोरणातील ओढाताण १९७४ च्या जानेवारीइतकी स्पष्ट क्वचितच दिसली असेल. त्या महिन्यात मध्य मुंबईच्या लोकसभा पोटनिवडणुकीत काँग्रेसचे रामराव आदिक उभे होते आणि त्यांना शिवसेनेचा पाठिंबा होता. दलित पँथरने मतदानावर बहिष्कार टाकला, वरळीत दंगल झाली आणि डांगे यांची कन्या रोझा देशपांडे विजयी झाल्या. त्याच हंगामात डांगे यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांनी ४२ दिवसांचा संप केला. दिल्लीत ज्या पक्षाला साथ द्यायची, त्याच्याशी मुंबईत चाळीचाळींतून झुंजायचे, हे कार्यकर्त्याला समजावून सांगणे अवघड होते.

जून १९७५ मध्ये आणीबाणी आली आणि भारतीय कम्युनिस्ट पक्षाने तिला पाठिंबा दिला. १९७१ मध्ये लोकसभेच्या २३ जागा जिंकणाऱ्या या पक्षाला १९७७ मध्ये केवळ सात जागा मिळाल्या, त्याही केरळ आणि तमिळनाडूतून. १९७८ च्या भटिंडा अधिवेशनात पक्षाने आणीबाणीला दिलेला पाठिंबा चुकीचा ठरविला. डांगे यांनी हे मान्य केले नाही. सत्तरी ओलांडलेला हा नेता आपल्या मतावर ठाम राहिला आणि पक्षात एकाकी पडत गेला. १९८१ मध्ये त्यांची हकालपट्टी झाली. रोझा देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थापन केलेल्या ऑल इंडिया कम्युनिस्ट पार्टीत ते गेले, पण त्या पक्षाने मूळ धरले नाही.

जानेवारी १९८२ मध्ये मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार पुन्हा संपावर गेले, तेव्हा नेतृत्व डॉ. दत्ता सामंत यांच्याकडे होते. १९८४ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निमंत्रणावरून डांगे शिवसेनेच्या व्यासपीठावर गेले आणि विचारसरणीशिवाय संघटना टिकत नाही, असे त्यांनी तेथे यजमानांनाच सुनावले. कृष्णा देसाई यांच्या सहकाऱ्यांना ती उपस्थिती रुचणे शक्य नव्हते.

२२ मे १९९१ रोजी मुंबईत डांगे यांचे निधन झाले. आदल्या रात्री श्रीपेरुंबुदूर येथे राजीव गांधी यांची हत्या झाली होती, त्यामुळे वृत्तपत्रांत या बातमीला फारशी जागा मिळाली नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला. १० डिसेंबर २००४ रोजी संसद भवनाच्या आवारात तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते डांगे यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. काँग्रेसप्रणीत सरकार तेव्हा डाव्या पक्षांच्या बाहेरून दिलेल्या पाठिंब्यावर उभे होते.